निगेटिव्ह रिपोर्टनंतरची भीती

एचआयव्हीच्या चाचणी केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येक समुपदेशकाला एक प्रकारचा माणूस चांगला ओळखीचा असतो. त्याच्या हातून जोखमीचे म्हणावे असे जवळजवळ काहीच घडलेले नसते. कधी नुसते चुंबन, कधी मसाजला गेल्यावर झालेला हाताचा स्पर्श, कधी कंडोम वापरून एकदाच आलेला संबंध. चाचणी निगेटिव्ह येते. तो कागद घेऊन जातो आणि काही दिवसांनी दुसऱ्या लॅबचा कागद घेऊन परत येतो. तोही निगेटिव्हच असतो. मधल्या काळात घरातले झोपले की तो बाथरूमच्या आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून जीभ बाहेर काढतो आणि तिच्यावरचा पांढरा थर कालच्यापेक्षा वाढला का ते बघतो. जबड्याखालच्या गाठी दिवसातून इतक्या वेळा चाचपतो की तिथे खरोखरच दुखू लागते, आणि मग ते दुखणेच आजाराचा पुरावा ठरते. मुलाचा पापा घेणे तो टाळतो. काहीतरी सबब सांगून बायकोपासून वेगळा झोपतो. ही पुस्तिका अशा माणसासाठी आहे, आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी व समुपदेशकांसाठीही. तिचे म्हणणे असे आहे : योग्य वेळी केलेली चाचणी निगेटिव्ह आल्यावरही जी भीती उरते, ती जंतूमुळे उरत नाही. अपराधाची टोचणी आणि कोणाशी बोलता न येणे यांवर ती जगते. त्यामुळे आणखी चाचण्या करून ती जात नाही. त्या चाचण्याच तिला पोसत राहतात.

जोखीम नेमकी किती, हे आकड्यांत सांगायला आपल्याकडचे डॉक्टर सहसा कचरतात, आणि तिथेच भीतीला मोकळे रान मिळते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, प्रसिद्ध केलेले अंदाज बघण्यासारखे आहेत. जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो औषधे घेत नाही आणि कंडोमही वापरलेला नाही, असे तिन्ही धरून चालले तरी योनिसंबंधात एका वेळी पुरुषाला लागण होण्याची शक्यता १०,००० मध्ये ४ इतकी असते आणि स्त्रीला ८ इतकी. गुदसंबंधात स्वीकारणाऱ्या जोडीदाराच्या बाबतीत ती १३८ पर्यंत जाते. मुखमैथुनातली शक्यता इतकी कमी आहे की तिला नेमका आकडा देता येत नाही. लाळ, घाम, अश्रू यांतून हा विषाणू पसरत नाही, त्यामुळे पापा घेणे किंवा हाताने केलेले मैथुन या हिशेबात धरलेच जात नाही. आता आपल्या देशाकडे वळू. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅकोच्या पाहण्यांनुसार प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये २ टक्क्यांच्या आसपास. यातला २ टक्क्यांचा आकडा आणि वरची १०,००० मध्ये ४ ही शक्यता एकमेकांशी गुणली तर अशा स्त्रीशी कंडोमशिवाय एकदा आलेल्या संबंधातही पुरुषाची सरासरी जोखीम लाखात एकाहून कमी निघते. दर वेळी कंडोम वापरल्याने लागण सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते, असे एक जोडीदार बाधित असलेल्या जोडप्यांच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे पाच-सहा लाखांत एक. आणि बाधित जोडीदार नियमित औषधे घेत असेल व रक्तातला विषाणू दाबला गेला असेल, तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ या युरोपातल्या अभ्यासाचा निष्कर्ष समोर आहे. समलिंगी पुरुष जोडप्यांमधल्या कंडोमशिवायच्या सुमारे ७६,००० संबंधांत जोडीदाराकडून जोडीदाराला एकदाही लागण झाली नाही.

हे आकडे सरासरीचे आहेत. जननेंद्रियावर जखम असेल, किंवा जोडीदाराला लागण नुकतीच झालेली असेल, तर शक्यता कित्येक पटींनी वाढते. शिवाय एचआयव्हीचा हिशेब दुसऱ्या आजारांना लागू होत नाही. गनोरिया आणि सिफिलिस मुखमैथुनातून सहज पसरू शकतात. हर्पीस आणि एचपीव्ही त्वचेच्या स्पर्शातून जातात आणि कंडोम त्यांना अर्धवटच अडवतो. पण सिफिलिसवर १९४३ पासून पेनिसिलिन आहे, हिपॅटायटिस-बीला लस आहे, एचपीव्हीची बहुतेक लागण दोनेक वर्षांत आपोआप जाते आणि त्यावरची भारतीय लस पुण्यात तयार होते. तेव्हा जोखीम कमी की जास्त, याचे उत्तर कृती आणि आजार यांची जोडी बघूनच द्यावे लागते. घाबरलेला माणूस मात्र हे प्रश्न क्वचितच विचारतो. त्याला घशातल्या गनोरियाची काळजी नसते आणि हिपॅटायटिस-बीची लस आपण घेतली आहे का, हेही त्याने कधी पाहिलेले नसते. त्याची सगळी धास्ती एकाच नावाभोवती फिरते. जोखमीच्या प्रमाणात भीती वाटत असती, तर ती अशी एका जागी साचली नसती.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. कमी म्हणजे शून्य नव्हे ना? सहा लाखांतला तो एक मीच असलो तर? तर्काने बघितले तर हा प्रश्न बरोबर आहे, आणि डॉक्टरही ‘शक्यता नाहीच’ असे म्हणायला धजत नाहीत. ‘सहसा होत नाही’, ‘फारच दुर्मीळ’ असे ते म्हणतात, आणि ऐकणारा त्यातला ‘सहसा’ तेवढा घरी घेऊन जातो. पण हाच माणूस रोज दुचाकीवरून कामाला जातो. महिनाभरात तो रस्त्यावर पत्करत असलेला जिवाचा धोका या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, तरी त्यापायी त्याची झोप उडत नाही. अनिश्चितता सहन करण्याची ताकद त्याच्यात आहे. ती नेमकी याच एका बाबतीत कमी पडते, कारण रस्त्यावरचा अपघात त्याच्या दृष्टीने अपघातच असतो आणि हा आजार मात्र शिक्षा असतो. जिथे शिक्षा मिळायलाच हवी असे मनात कुठेतरी ठरलेले असते, तिथे ती टळण्याची शक्यता लाखांत सांगा किंवा कोटीत, मन ती मानत नाही.

मग चाचणी कशासाठी? तर ज्या शंकेला आधार आहे तिचे निराकरण करण्यासाठी, आणि ते काम ती चोख करते. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर टाकले की वीसेक मिनिटांत कंट्रोलची रेघ उमटते. दुसरी रेघ उमटली नाही की चाचणी निगेटिव्ह. (घाबरलेला माणूस त्या रिकाम्या जागेत डोळे ताणून पुसट रेघ शोधत बसतो.) गोंधळ होतो तो मुदतीवरून. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचा अंश आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे अशी दोन्ही शोधते. तिला १८ ते ४५ दिवस पुरतात, आणि ब्रिटनमधले तज्ज्ञ ४५ दिवसांनंतरचा तिचा निकाल अंतिम मानतात. नुसती प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट चाचणीला मात्र ९० दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते, म्हणून आपल्या सरकारी केंद्रांत तीन महिने सांगितले जातात. सहा महिन्यांचा सल्ला जुना आहे. पहिली चाचणी १९८५ मध्ये आली, आणि तेव्हाच्या ढोबळ तंत्रासाठी तो दिला जात होता. तंत्र बदलले, पण सल्ला लोकांच्या तोंडी आणि जुन्या पत्रकांत राहून गेला. या तीन मुदती एकाच वेळी कानांवर पडल्या की भ्यालेला माणूस त्यांतली सर्वांत लांबची निवडतो, आणि ती संपली की त्याहून लांबची शोधतो.

‘मनाच्या समाधानासाठी आणखी एक चाचणी केली तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न रुग्ण विचारतो, कधी नातेवाईक, आणि लॅबच्या काउंटरवर तर त्याला नेहमीच होकार मिळतो. बिघडते ते असे. समजा एखादी चाचणी शंभरातल्या साडेनव्याण्णव निरोगी माणसांना बरोबर निरोगी ठरवते. ही उत्तम चाचणी झाली. तरीही ज्यांना लागण झालेलीच नाही अशा १०,००० लोकांवर ती केली तर ५० जणांचा निकाल खोटाच पॉझिटिव्ह येईल. म्हणूनच नॅकोच्या पद्धतीत पॉझिटिव्ह असे सांगण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या किटवर चाचणी करतात. जोखीम शून्याच्या जितकी जवळ, तितका पहिला पॉझिटिव्ह निकाल खोटा असण्याची शक्यता जास्त. एचआयव्हीच्या बाबतीत निदान ही तीन चाचण्यांची चाळणी तरी आहे. लैंगिक आजारांच्या चाचण्यांची पॅकेजे विकणाऱ्या लॅबच्या यादीत हर्पीसची आयजीएम चाचणी असते. तिच्या निकालावरून लागण नवी की जुनी, लैंगिक की तोंडावरच्या साध्या जराची, काहीच खात्रीने ठरत नाही. लक्षणे नसलेल्या माणसाने हर्पीससाठी रक्त तपासू नये, असे सीडीसीचे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात हर्पीसचा पहिला प्रकार आधीच असतो, बहुतेकांत लहानपणापासून. व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी गरोदरपणात, मलेरियात, संधिवातासारख्या आजारांतही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. निष्कारण केलेली प्रत्येक चाचणी अशा एखाद्या कागदाची शक्यता वाढवते, आणि असा एक कागद हाती पडला की भीतीला वर्षभराचा शिधा मिळतो.

याहून खोलवरचे नुकसान आहे ते मनाचे. पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉरिक या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ मध्ये आजाराच्या धास्तीबद्दल एक निरीक्षण मांडले, आणि पुढचे बरेच उपचार त्यावर उभे राहिले. वारंवार दिलासा मिळवल्याने धास्ती कमी होत नाही, टिकते. निगेटिव्ह रिपोर्ट वाचला की तासभर, कधी दिवसभर सुटका वाटते. त्या सुटकेची चव लागते. मग शंका दुसऱ्या वाटेने येते. नमुना बदलला गेला असेल तर? माझ्या शरीरात प्रतिपिंडे उशिरा तयार होत असतील तर? मुदतीच्या आधीच चाचणी केली असेल तर? शंका आली की खात्री करायची आणि खात्री केली की सुटका, हे जितक्या वेळा घडते तितके मन शिकते की ही शंका आपल्याच्याने सहन होण्यासारखी नव्हती. दाराचे कुलूप दहा वेळा ओढून बघणाऱ्याला दहाव्यांदा ओढून खात्री पटत नाही, तसेच हे. यातल्या कित्येकांचा त्रास खरे तर मंत्रचळ या आजाराचाच प्रकार असतो. आणि शरीर खोटे पुरावे पुरवत राहते. चिंतेने भूक मंदावते आणि वजन उतरते, रात्री घाम फुटतो, जुलाब होतात, वारंवार लघवीला होते, थकवा येतो. एचआयव्हीच्या लक्षणांची कोणतीही यादी काढा, तीत यांतली निम्मी असतात. शिश्नाच्या कडेला बारीक मोत्यांसारखे फोड किंवा त्वचेखालचे पांढुरके दाणे कित्येक निरोगी पुरुषांना जन्मभर असतात. फक्त त्यांच्याकडे इतक्या जवळून कोणी पाहिलेले नसते.

ही भीती एचआयव्हीसोबत आली असे वाटते, पण ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. सिफिलिस झाल्याच्या खोट्या समजुतीने पछाडलेल्या रुग्णांची वर्णने एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय वैद्यकात सापडतात. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये धात सिंड्रोमचे वर्णन केले. लघवीवाटे वीर्य जाते, त्याने अंगातली शक्ती गळते, अशा समजुतीने खंगत जाणारे तरुण त्यांनी पाहिले. त्या तरुणांच्या शरीरात दोष नव्हता. हस्तमैथुनाबद्दलची शरम आणि शरीरावरची अखंड पाळत यांनी त्यांना आजारी केले होते. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. संततिनियमनाइतकेच गुप्तरोगांबद्दलही ते सरळ भाषेत लिहीत राहिले, आणि त्यासाठी त्यांनी अश्लीलतेचे खटले सोसले. माहिती उघडपणे मिळाली तर भीतीचा धंदा बसेल, हे त्यांना कळले होते. तो धंदा अजून बसलेला नाही. गुप्तरोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी रेल्वेमार्गालगतच्या भिंती त्यांनी रंगलेल्या असतात.

एचआयव्ही आल्यावर या जुन्या भीतीला नवे, आणि त्या काळी खरोखरच जीवघेणे, नाव मिळाले. १९८६ मध्ये मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी देशातले पहिले बाधित नमुने शोधले. ते देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते, आणि आजारावर चारित्र्याचा शिक्का तिथूनच बसला. पुढची अठरा वर्षे सरकारी दवाखान्यांत त्यावर मोफत औषध नव्हते. ते १ एप्रिल २००४ पासून मिळू लागले. त्या काळातल्या प्रचाराने घाबरवले, यात नवल नाही. दुसरे हत्यार हाती नव्हते. त्यातही फरक होते. २००२-०३ मध्ये मुंबईच्या भिंतींवर, बसथांब्यांवर बलबीर पाशा नावाच्या काल्पनिक माणसाला एड्स होणार का, असा प्रश्न झळकला होता. त्या मोहिमेने निदान दारूच्या नशेत कंडोम विसरणे, एकाच बाईकडे जातो म्हणून निर्धास्त राहणे असे खरे धोके नेमके दाखवले. बाकीच्या प्रचारातून लोकांच्या मनात राहिले ते एवढेच, की बाहेर संबंध म्हणजे एड्स. कोणत्या संबंधात किती धोका, हे शाळेत सांगता आले असते. पण २००७ मध्ये महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमालाच स्थगिती मिळाली. आज जो तिशीतला तरुण चुंबनानंतर चाचणीला धावतो, तो तेव्हा शाळेत होता.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त वजनाचा आहे. भीती असू द्या की, तिच्यामुळे लोक जपून वागतात. जोखीम कमी आहे असे छापून सांगितले तर माणसे बेफिकीर होतील. हा आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण भीती कोणाच्या वाट्याला आली ते त्यांनी पाहिलेले नसते. पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. देहविक्रय न करणाऱ्या, बहुतेक विवाहित आणि नवऱ्यापलीकडे कोणाशीही संबंध नसलेल्या या स्त्रियांमध्ये शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्ही होता. त्यांनी भीती बाळगली नव्हती, कारण प्रचारातली भीती त्यांच्यासाठी नव्हतीच. त्यांच्या नवऱ्यांनी ती बाळगली असेलही, पण भ्यालेला माणूस चाचणी टाळतो आणि घरी गप्प राहतो. आजही देशातल्या बाधितांपैकी सुमारे पाचातल्या एकाला आपल्याला लागण झाल्याचे माहीत नाही. एकीकडे चुंबनानंतर सहा चाचण्या करणारा आणि दुसरीकडे कंडोमशिवाय वर्षानुवर्षे संबंध ठेवून एकदाही चाचणी न केलेला, अशी दोन माणसे एकाच शहरात राहतात. दोघांनाही एकाच सरधोपट भीतीने घडवले आहे. बेफिकिरीबद्दल म्हणाल, तर लैंगिक शिक्षणावरच्या जगभरच्या अभ्यासांचा युनेस्कोने वेळोवेळी आढावा घेतला. अशा शिक्षणाने मुले लवकर संबंध सुरू करतात, याला त्यांत पुरावा मिळालेला नाही.

अपराधाची टोचणी हा शब्द वर आला, त्याबद्दल थोडे. कोणाला वाटेल, ही पुस्तिका टोचणी खोटी ठरवायला निघाली आहे. तसे नाही. बायकोशी किंवा जोडीदाराशी केलेला विश्वासघात माणसाला लागला, तर ते लागणे खरे आहे आणि त्याचा निकाल त्याने आपल्या विवेकाने लावायचा आहे. पण तो प्रश्न रक्ताच्या नळीत सुटत नाही. निगेटिव्ह रिपोर्ट त्याला निर्दोष ठरवत नाही, आणि पॉझिटिव्ह आला असता तरी तो त्याचा दोष ठरला नसता. हे दोन हिशेब वेगळे केल्याशिवाय पुढचा कोणताही उपचार लागू पडत नाही.

उपचार आहेत. आजाराच्या धास्तीवर संज्ञानात्मक वर्तनोपचार, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात, चांगला चालतो. तो लैंगिक आजारांच्या दवाखान्यातच देऊन पाहण्याचा एक छोटा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि रुग्णांची धास्ती लक्षणीय कमी झाली. पीटर टायरर यांच्या गटाने २०१४ मध्ये ४४४ रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात दाखवले की पाच ते दहा बैठकांचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकून होता. हा उपचार थोडके प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही देऊ शकतात, हे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला नसतो, पण चाचणी केंद्रात समुपदेशक असतो. त्याने पहिल्या भेटीत नेमके काय घडले ते न लाजता, न लाजवता विचारावे. धोका खरा असेल आणि ७२ तास उलटलेले नसतील, तर २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे ताबडतोब सुरू करायला पाठवावे. अशा वेळी घाईच योग्य असते. धोका नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. चाचणी लागणार असेल तर कोणती आणि कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहून द्यावे, आणि तिच्यानंतर आणखी चाचणी करायची नाही, हेही त्याच कागदावर आधीच लिहावे. चौथ्यांदा आलेल्या माणसाला पाचवी चाचणी करून देणे समुपदेशकाला दयाळूपणाचे वाटेल, पण त्याने त्या माणसाचा घातच होतो. त्या वेळी विचारायचे ते झोपेबद्दल, कामावरच्या गैरहजेरीबद्दल, आणि जगणे नकोसे झाले आहे का याबद्दल. स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींच्या आधारे २०२३ मध्ये दिसले की आजाराच्या तीव्र धास्तीने ग्रस्त माणसांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट असते.

गुप्ततेच्या धाकाने जे सरकारी केंद्रात जात नाहीत, त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, मोजके अपवाद सोडले तर, संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. सरकारी केंद्रातली चाचणी मोफत असते. १०९७ या क्रमांकावर एचआयव्हीबद्दलची माहिती मिळते, आणि रिपोर्ट निगेटिव्ह असूनही डोके शांत होत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येते. पुढच्या पानांत प्रत्येक आजाराचा मार्ग, मुदत आणि चाचणी वेगवेगळी दिली आहे. ज्याने हे सगळे आधीच पाठ केले आहे, त्याने ती प्रकरणे सोडून द्यावीत आणि थेट शेवटच्या, उपचारांवरच्या प्रकरणाकडे जावे.